जुन्या स्पोर्ट्स कारचा एअर फिल्टर बदलायची तयारी

सगळ्यात आधी एक स्वच्छ फडकं काढून ठेवा. नवा फिल्टर, सॉकेट, टॉर्च हे त्यानंतर. एअरबॉक्सचं (फिल्टर ज्या डब्यात बसतो त्याचं) झाकण उघडलं की इंजिनाकडे जाणारी वाट उघडी पडते, आणि तिच्या तोंडापाशीच तुम्ही स्क्रू, क्लिपा, वाळकी पानं आणि धुळीने भरलेला जुना फिल्टर हाताळणार असता. तोंड झाकलेलं नसेल तर हातातून निसटणारी प्रत्येक गोष्ट थेट आत जाऊ शकते. फडकं यादीत खाली गेलं की राहून जातं, म्हणून ते इथे वर आहे.

फडकं मायक्रोफायबरचं, निदान एक फूट चौरस आणि भडक रंगाचं असावं. टिश्यू नको, तो फाटून तुकडे आत राहतात. सुती चिंधी नको, तिचे धागे सुटतात आणि हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेला जाऊन चिकटतात. काळं तर अजिबात नको, काळ्या नळीत ते दिसतच नाही. दोन फडकी घ्या: एक तोंड झाकायला, दुसरं डबा पुसायला. पुसलेलं फडकं तोंडाशी न्यायचं नाही.

आता फिल्टर. गाडी वापरलेली असेल तर आधीच्या मालकाने काय बसवलंय याचा भरवसा धरू नका. नुसतं मॉडेल आणि वर्ष सांगून मागवलेला फिल्टर चुकीचा निघण्याची शक्यता बरीच असते, कारण एकाच मॉडेलमध्ये मधल्या वर्षी इंजिन किंवा एअरबॉक्स बदललेला असू शकतो. चॅसिस नंबरवरून पार्ट नंबर काढा, आणि तरीही मागवण्याआधी बॉनेट उघडून जुना फिल्टर बाहेर काढून मोजा: लांबी, रुंदी, उंची आणि रबरी कडेची जाडी. (हो, नुसतं मोजायला उघडलं तरी फडकं लागतंच.) उंचीकडे लोक लक्ष देत नाहीत. फिल्टर दोन-तीन मिलिमीटर कमी भरला तर झाकण व्यवस्थित बसतं, बाहेरून सगळं ठीक दिसतं, पण आत फिल्टर सैल राहतो आणि धूळ कडेने निघून जाते. जास्त भरला तर झाकण दाबून बसवण्याच्या नादात क्लिप मोडते.

फिल्टर किती लागतात तेही बघा. निसान ३७०झेडला हवेच्या वाटा दोन आहेत, म्हणून फिल्टरही दोन. आर३५ जीटी-आरलाही दोनच. एकच बदलून दुसरा तसाच ठेवू नका.

मूळ डबा काढून टाकून तिथे उघडा शंकूसारखा फिल्टर बसवलेला असेल, तर इथे थांबा. मूळ डबा परत बसवायचा विचार असेल तर ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं) ट्यूनिंग त्या शंकूसाठी आणि त्याच्या नळीसाठी केलेलं आहे का, हे आधी विचारून घ्या. हवा मोजणारा सेन्सर ज्या नळीत बसतो तिचा व्यास बदलला की सेन्सरचा आकडा आणि खरी हवा यांचा मेळ बसत नाही, इंधनाचं प्रमाण बिघडतं. पेट्रोल इंजिनाला साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, वजनाने, असं प्रमाण लागतं आणि ते सांभाळायला ईसीयू या सेन्सरवर बराच अवलंबून असतो. शंकूच ठेवायचा असेल तर त्याच्या गळ्याचा आतला व्यास आणि एकूण लांबी मोजून तसाच आणा.

तेल लावायचा कापडी फिल्टर की साधा कागदी, यावर लोक तासन्तास वाद घालतात. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला चांगल्या प्रतीचा कागदी फिल्टर पुरतो, असं माझं स्पष्ट मत आहे. कापडी फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतो हे खरं, पण तेल जास्त झालं की ते हवेबरोबर उडून सेन्सरच्या तारेवर बसतं. मग तार आहे त्यापेक्षा कमी हवा मोजते आणि इंजिन पातळ (हवा जास्त, इंधन कमी अशा) मिश्रणावर चालतं. कापडीच घ्यायचा असेल तर तेलाचा हात आखडता ठेवा आणि बसवण्याआधी तेल पूर्ण मुरू द्या.

हत्यारं फार लागत नाहीत. १० मिलिमीटरचं सॉकेट, पाव इंची रॅचेट, लांब एक्स्टेन्शन, क्लॅम्पसाठी चपटा पेचकस किंवा ७ आणि ८ मिलिमीटरची सॉकेटं, टॉर्क्स म्हणजे चांदणीच्या आकाराच्या बिटांचा संच (टी२० आणि टी२५ बहुतेक वेळा लागतात), प्लास्टिकची पट्टी, टॉर्च, स्क्रू ठेवायला वाटी. लांब दांड्याचं चुंबक जवळ ठेवा. पण ते अॅल्युमिनियमच्या, पितळेच्या किंवा प्लास्टिकच्या तुकड्याला काही करू शकत नाही, तेव्हा चुंबक आहे म्हणून फडकं टाळू नका. अरुंद तोंडाचा व्हॅक्युम क्लीनर हवाच. दाबाच्या हवेने डबा साफ करू नका, धूळ नको तिथे जाऊन बसते. अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा.

फिल्टर नेमका कुठे आहे हे मॅन्युअलमध्ये आदल्या दिवशीच बघून ठेवा. इंजिन पुढे असेल तर डबा बहुधा बॉनेट उघडताच दिसतो. इंजिन मध्यावर किंवा मागे असेल तर मागचं आवरण, कधी सामान ठेवायच्या जागेतला गालिचा, कधी चाकामागचं प्लास्टिक काढावं लागतं. चाक काढावं लागणार असेल तर बुटका जॅक आणि स्टँड आधी जमवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातही घालू नका.

बॅटरी काढायची गरज नाही. किल्ली बंद करा, पुरे. अनेक स्पोर्ट्स कारच्या दारांना काचेभोवती चौकट नसते. दार उघडताना काच थोडी खाली सरकते आणि दार लागल्यावर वर येते. बॅटरी काढलेली असेल तर काच हलत नाही, दार ओढताना ती रबराला किंवा छताला घासते. शिवाय ईसीयूने शिकलेले आकडेही पुसले जाऊ शकतात. फिल्टरसाठी हे सगळं ओढवून घ्यायचं कारण नाही.

इंजिन भाजेल इतकं गरम नको, पण पार गारही नको. वयाने कडक झालेलं प्लास्टिक थंडीत पटकन तुटतं. कोमट असताना क्लिपा आणि रबरी नळ्या सुखाने निघतात. क्लिप हटत नसेल तर जोर वाढवू नका, आधी नीट बघा: बहुधा एखादा लपलेला स्क्रू राहिलेला असतो. आधीच्या कुणी तरी मूळ स्क्रू हरवून भलताच लांब स्क्रू पिळलेला असतो, किंवा मोडक्या क्लिपेच्या जागी झिप टाय बांधलेला असतो. अशा गाडीसाठी मूळ क्लिपा आणि स्क्रू फिल्टरबरोबरच मागवून ठेवा.

काही सोडवण्याआधी फोटो काढा. झाकणाला बारीक व्हॅक्युम नळ्या, एखादा सोलेनॉइड (विजेवर चालणारी छोटी झडप) आणि सेन्सरचा कनेक्टर लागलेला असतो. कनेक्टरला बरेचदा रंगीत सरकतं कुलूप असतं. आधी ते मागे सरकवायचं, मग खटका दाबून कनेक्टरला धरून ओढायचं. वायरला धरून नव्हे. वायर आखूड असते, म्हणून कनेक्टर सुटल्याशिवाय झाकण उचलू नका.

आता फडकं. हवा कुठून येते आणि कुठे जाते हे बोटाने माग काढून बघा. बाहेरून येणारी बाजू मळकी, इंजिनाकडे जाणारी स्वच्छ. झाकायचं आहे ते स्वच्छ बाजूचं तोंड. नळी झाकणापासून वेगळी केली असेल तर ते नळीच्या टोकाला असतं. झाकण नळीसकट नुसतं वर उचललं असेल तर झाकणाच्या आतल्या बाजूला, आणि ते फिल्टर सुटा होताच उघडं पडतं. अशा डब्यात झाकण उचलताना फिल्टर त्याला चिकटून वर येतो आणि मग घड्यांमधली वाळू झरते. तेव्हा झाकण तिरकं करून तोंडाखाली नेऊ नका; फिल्टर मळकी बाजू खाली ठेवून आडवा काढा आणि दुसरं काहीही करण्याआधी तोंड झाका. फडक्याचा अर्धा भाग आत, अर्धा बाहेर लोंबता. फार आत दाबू नका, सेन्सरची तार तिथेच जवळ असू शकते.

हे इतकं ताणून सांगतोय त्याचं कारण साधं आहे. इंजिन बंद असताना थ्रॉटलची, म्हणजे आत जाणारी हवा कमी-जास्त करणारी, झडप जवळजवळ मिटलेली असते. आत पडलेला स्क्रू तिच्यावर जाऊन बसतो, दिसत नाही, आवाज करत नाही. गाडी चालू केली तरी रिकाम्या चालीत काही कळत नाही. पहिल्यांदा अॅक्सिलरेटर दाबला की झडप उघडते आणि स्क्रू आत ओढला जातो. पुढे व्हॉल्व्ह आणि पिस्टन. टर्बो असेल तर त्याच्याही आधी टर्बोचं चाक, जे मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या मारतं. त्याच्या पात्यांना वाळूचा मोठा कणही पोचे पाडू शकतो. इथे इंजिन उतरवायची पाळी येते, आणि ते टाळायला लागतं एक फडकं. दोन मिनिटांचं काम आहे म्हणून झाकायचं टाळू नका. दोन मिनिटांतही स्क्रू पडतो.

गाडीची किल्ली त्या फडक्याच्या बाहेरच्या टोकाला गाठ मारून अडकवा. फडकं काढल्याशिवाय गाडी चालू होता कामा नये. बटण दाबून चालू होणारी गाडी असेल तर बटणावर चिकटपट्टी लावा.

फडकं जागेवर आहे? मग डबा. पानं, बिया, किडे, कधी उंदराचं अख्खं घरटं, सगळं व्हॅक्युमने ओढून घ्या. डब्याच्या तळाला पाणी जायचं बारीक भोक असतं, ते मोकळं आहे का बघा. बुजलं तर पाणी साचून फिल्टर खालून भिजतो, आणि भिजलेला कागद फुगून हवा अडवतो. मग स्वच्छ बाजू टॉर्चने बघा आणि ओल्या बोटाने पुसा. बोटाला करकरीत धूळ लागली तर जुना फिल्टर कुठून तरी गळत होता. कडेला एका जागी धुळीचा ओघळ दिसला तर तीच गळतीची जागा: तिथे झाकण वाकलंय, क्लिप सैल आहे किंवा डब्याला चीर आहे. ते दुरुस्त न करता नवा फिल्टर घातलात तर तोही तिथूनच गळणार. धुळीतली वाळू सिलिंडर आणि पिस्टनच्या रिंगा घासते. तीन लिटरचं इंजिन ६००० फेऱ्यांवर मिनिटाला सुमारे ९००० लिटर हवा ओढतं, तेव्हा बारीक फटही पुरेशी असते. टर्बोच्या नळीत तेलाचा पातळ थर दिसला तर घाबरू नका. थारोळं दिसलं तर मात्र मिस्त्रीला दाखवा.

सेन्सर साफ करायचा असेल तर फक्त त्याच्यासाठी मिळणारा स्प्रे वापरा. ब्रेक क्लीनर, कार्ब्युरेटर क्लीनर नको. तारेला बोट, ब्रश, कापसाचा बोळा काही लावायचं नाही. पूर्ण वाळू द्या, मगच जोडा.

नवा फिल्टर बसवताना बाण असेल तर तो हवेच्या दिशेने. रबरी कड खाचेत चारही बाजूंनी बसली का हे बोट फिरवून तपासा, कोपरे खास. आता फडकं काढा. किल्ली हातात आली पाहिजे. वाटीतले स्क्रू मोजा. एक जरी कमी असेल तर तो सापडेपर्यंत किल्ली फिरवायची नाही. झाकणाची मागची जीभ आधी खाचेत, मग पुढून बंद. प्लास्टिकमधले स्क्रू आधी हाताने दोन-तीन आटे, शेवटी मनगटाच्याच जोराने. क्लॅम्प नळीच्या खोबणीत हवा, तिरका नको.

कनेक्टर, व्हॅक्युम नळ्या, फोटोशी ताडून. गाडी चालू करा आणि ऐका. सूं असा आवाज आला तर नळी सुटलेली आहे. चेक इंजिनचा दिवा लागला तर बिघाडाचा कोड वाचायला स्कॅनर लावा: पी०१०२ किंवा पी०११३ म्हणजे बहुधा कनेक्टर राहिला, पी०१७१ किंवा पी०१७४ म्हणजे सेन्सरच्या पुढे कुठून तरी न मोजलेली हवा शिरतेय. ही दुसरी जोडी काही दिवसांनीही येऊ शकते, तेव्हा स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधन किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा) बघून ठेवा. दहा टक्क्यांच्या वर अधिक दिसलं तर नळ्या पुन्हा तपासा.

मायलेज वाढेल ही अपेक्षा ठेवू नका. इंधनाचं मोजमाप इलेक्ट्रॉनिक असलेल्या गाडीत मळक्या फिल्टरने मुख्यतः वरच्या फेऱ्यांवरचा जोर कमी होतो.

किलोमीटरचा आकडा आणि पार्ट नंबर मार्करने झाकणावर लिहा. एकदोनशे किलोमीटर झाले की क्लॅम्प पुन्हा हाताने हलवून बघा.