पिवळं कार्ड सुटकेसमध्ये नको, पासपोर्टसोबत हवं

लस घेतलेली होती, कार्डही होतं, तरी त्या गृहस्थांना मी विमानात बसवू शकले नाही.

मी अकरा वर्षं चेक-इन काउंटरवर काम केलं. हे गृहस्थ कामानिमित्त घानाला निघाले होते. घानात नऊ महिन्यांवरच्या प्रत्येक प्रवाशाकडे यलो फीवरच्या, म्हणजे डासांमुळे पसरणाऱ्या पीतज्वराच्या, लसीचं प्रमाणपत्र मागतात, मग तो कुठूनही येवो. त्यांनी मोठ्या विश्वासानं पिवळं कार्ड पुढे केलं. मी नेहमीप्रमाणे आधी तारखेच्या रकान्यावर बोट ठेवलं. लस तीन तारखेची, आणि आजची तारीख नऊ. शेजारच्याच रकान्यात डॉक्टरांनी नीट लिहिलं होतं की हे प्रमाणपत्र तेरा तारखेपासून ग्राह्य. ते म्हणाले, "अहो ताई, पण लस तर घेतलीय ना!" घेतली होती, अगदी खरं. पण त्या कागदाला चार दिवसांनी किंमत येणार होती. त्यांना लस देणाऱ्यांनी तारीख बरोबर लिहिली, पण ती वाचून दाखवली नाही, आणि त्यांनीही ती वाचली नाही. तिकीट बदलावं लागलं, तिकडची बैठक हुकली. तो दिवस मी विसरले नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

पहिला हिशेब दहा दिवसांचा. यलो फीवरची लस पहिल्यांदा घेतल्यावर प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. एक तारखेला टोचलं तर अकरा तारखेपासून. हा नियम विमान कंपनीचा नाही. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीत तो लिहिलेला आहे आणि बहुतेक सगळे देश तीच नियमावली पाळतात. शरीरात पुरेशी प्रतिकारशक्ती तयार व्हायला तेवढा वेळ लागतो, म्हणून तो ठेवलेला आहे. काउंटरवर विनवण्या करून त्यातला एक दिवसही कमी होत नाही. आमच्या हातात ते नसतंच.

तरीही दहा दिवसांच्या हिशेबानं निघू नका, सहा आठवडे आधी हालचाल करा. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारनं मान्यता दिलेल्या केंद्रातच मिळते. त्या केंद्रांचे दिवस ठरलेले असतात, कधी साठा संपलेला असतो. शिवाय ही जिवंत विषाणूची लस आहे. अलीकडे गोवर किंवा कांजिण्यांसारखी दुसरी जिवंत लस टोचून घेतली असेल तर साधारणपणे चार आठवड्यांचं अंतर ठेवायला सांगतात. दोन्ही एकाच दिवशी घेता येतील का, हे डॉक्टर ठरवतील. पण हे सगळं विचारायला आणि मार्ग काढायला हाताशी दिवस हवेत.

आता तुम्हाला हे कार्ड लागतं का? इथे लोक फक्त "मी कुठे चाललोय" एवढंच बघतात आणि तिथेच अडकतात. तुम्ही निघताय कुठून, थांबताय कुठे, उतरताय कुठे आणि परत येताय कुठे, हे सगळं बघायचं. घानासारखे काही देश सरसकट सगळ्यांकडे कार्ड मागतात. दुसरे कितीतरी देश असे आहेत जिथे यलो फीवर नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आहे. आजार घेऊन एक माणूस आला तरी तिथे साथ सुरू होऊ शकते. म्हणून हे देश आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या यलो फीवरच्या देशांतून येणाऱ्यांकडेच कार्ड मागतात. दक्षिण आफ्रिका यातलाच एक.

आणि "तिथून येणारे" यात नुसते थांबलेलेही धरले जातात. एक जोडपं आठवतं. त्यांना दक्षिण आफ्रिकेला जायचं होतं, वाटेत इथिओपियातल्या आदिस अबाबाला विमान बदलायचं होतं आणि तिथला थांबा चौदा तासांचा होता. स्वस्त तिकीट म्हणून घेतलेलं. इथिओपिया यलो फीवरच्या यादीत आहे, आणि अनेक देश अशा ठिकाणी बारा तासांपेक्षा जास्त थांबलेल्याकडे प्रमाणपत्र मागतात. काही देश त्याहून कडक असतात, तास मोजतच नाहीत. सुदैवानं त्यांनी आदल्या आठवड्यात फोन करून विचारलं होतं, म्हणून मधलं विमान बदलून देता आलं. थांबा चार तासांवर आला आणि प्रश्न मिटला. तिकीट काढतानाच हे बघितलं असतं तर तेवढीही धावपळ झाली नसती.

परतीचं तर बहुतेकांच्या डोक्यातच नसतं. जिथे जाताय तो देश काही मागत नसेल, पण यलो फीवरच्या भागातून परतताना तुमचाच देश मागू शकतो. कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना असतो. सहाच का, तर डास चावल्यापासून आजार दिसायला साधारण तीन ते सहा दिवस लागतात.

काउंटरवर आम्ही हे सगळं पाठ करून बसलेलो नसतो. विमान कंपन्या टिमॅटिक नावाची माहितीप्रणाली वापरतात. त्यात प्रवाशाचं राष्ट्रीयत्व, निघण्याचं ठिकाण, थांबे आणि मुक्काम भरला की त्या प्रवाशाला काय काय लागतं ते पडद्यावर येतं. त्यात "आवश्यक" आलं आणि कागद नसेल तर आम्ही बोर्डिंग पास देत नाही. प्रवासी पलीकडे उतरल्यावर परत पाठवला गेला, तर त्याला माघारी आणण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येते, वर दंडही होऊ शकतो. म्हणून तिकीट काढल्यावर लगेच विमान कंपनीला फोन करा, आणि फक्त शहराचं नाव सांगू नका. सगळे थांबे तासांसकट सांगा. नियम मधल्या मध्ये बदलतात, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा विचारा. जाऊन आलेल्या ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावर विसंबू नका. तो दोन वर्षांपूर्वी गेलेला असतो.

आता कार्डाकडे येऊ. माझा सगळा जीव इथेच अडकतो, कारण लस घेऊनही लोक अडतात ते कार्डातल्या चुकांमुळे. लस टोचल्यावर केंद्रात थोडा वेळ बसायला सांगतात, काही त्रास होतो का ते बघायला. ती वीस-तीस मिनिटं मोबाइलमध्ये घालवू नका. कार्ड मांडीवर उघडा, शेजारी पासपोर्ट उघडा आणि अक्षर-अक्षर ताडून बघा.

नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं, आडनावासकट. घरातलं नाव नको, अर्धवट नको. जन्मतारीख, लिंग, राष्ट्रीयत्व जुळलं पाहिजे. मग तुमची सही. ही तुमची जागा असते आणि बरेच जण ती रिकामीच घेऊन येतात. खाली आजाराचं नाव, लस दिल्याची तारीख, ज्यांच्या देखरेखीखाली लस दिली त्यांची सही आणि पद, लस कुठल्या कंपनीची आणि तिचा बॅच क्रमांक. मग प्रमाणपत्र कधीपासून ग्राह्य ती तारीख. शेवटी केंद्राचा अधिकृत शिक्का. डॉक्टरांची सही हातानं केलेली हवी. सहीचा रबरी शिक्का मारलेला असेल तर तो सही म्हणून चालत नाही. तारखेत महिना अक्षरांत लिहून घ्या. 05-06 लिहिलं तर एका देशात तो जून होतो आणि दुसऱ्या देशात मे.

खाडाखोड तर अजिबात नको. नियमावलीतच लिहिलेलं आहे की दुरुस्ती केली, खोडलं किंवा एखादा रकाना रिकामा राहिला तर प्रमाणपत्र अग्राह्य ठरू शकतं. एका बाईंच्या कार्डावर पासपोर्ट क्रमांकातला आकडा चुकला होता. केंद्रातल्या कोणीतरी त्यावर पांढरी शाई लावून नवा आकडा घातला होता, मदत करायच्या चांगल्याच हेतूनं. उजेडाकडे धरलं की खालचा जुना आकडा स्पष्ट दिसत होता. माझी खात्री होती की बाई खऱ्या आहेत, पण पलीकडचा अधिकारी माझी खात्री विचारणार नव्हता. त्या दिवशी पर्यवेक्षकांनी तासभर फोनाफोनी केली तेव्हा कुठे परवानगी मिळाली. तोपर्यंत बाईंच्या हाताचा कंप थांबत नव्हता. चूक दिसली की तिथल्या तिथे सांगा आणि दुरुस्त करून नको, कोऱ्या कार्डावर नव्यानं लिहून मागा. संकोच करू नका. तुम्ही खुर्चीत बसलेले आहात तोवर हे पाच मिनिटांचं काम असतं.

प्रमाणपत्र इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये भरलेलं हवं. सोबत आणखी एखादी भाषा असली तरी हरकत नाही, पण या दोनपैकी एक हवीच. आणि प्रत्येक माणसाचं कार्ड वेगळं. आईच्या कार्डावर मुलांची नावं घातलेली मी पाहिली आहेत, ती चालत नाहीत. लहान मुलाला सही करता येत नसेल तर त्याच्या कार्डावर आईवडिलांपैकी कोणी किंवा पालकांनी सही करायची.

ज्यांनी पूर्वी कधी ही लस घेतली आहे त्यांच्यासाठी एक चांगली गोष्ट. आधी हे प्रमाणपत्र दहा वर्षं चालायचं, मग पुन्हा टोचून घ्यावं लागायचं. 11 जुलै 2016 पासून ते आयुष्यभरासाठी ग्राह्य आहे. जुन्या कार्डावर दहा वर्षांनंतरची तारीख छापलेली असली तरीही. त्या तारखेकडे बघून घाबरून पुन्हा टोचून घेऊ नका, आणि त्या कार्डावर स्वतःच्या हातानं तारीख तर बदलूच नका, नाहीतर चालू कार्ड बाद व्हायचं. काउंटरवर एखादा नवा कर्मचारी अडला तर शांतपणे सांगा की 2016 पासून नियम बदलला आहे, टिमॅटिकमध्ये बघा. बघितल्यावर तो सोडेल.

आता ज्यांना ही लस देता येत नाही त्यांच्याबद्दल. सहा महिन्यांच्या आतली बाळं, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले, प्रतिकारशक्ती फार खालावलेले रुग्ण यांना ती देत नाहीत. साठीच्या पुढे पहिल्यांदाच घेत असाल, गरोदर असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल, तर डॉक्टर आधी धोका आणि गरज तोलून बघतात. कृपा करून त्यांच्यापासून काही लपवू नका. केवळ कार्ड हवं म्हणून आजार न सांगता लस घेणं जिवावर बेतू शकतं. अशा वेळी डॉक्टर लस का देता येत नाही याचं सहीचं पत्र देतात, तेही इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्येच हवं. ते पत्र म्हणजे हमखास प्रवेश नव्हे. पलीकडचा देश ते विचारात घेतो, पण तुमच्यावर काही दिवस लक्ष ठेवू शकतो. त्यामुळे निघण्याआधी त्या देशाच्या दूतावासाला विचारून उत्तर लेखी घ्या.

इतर लसींचं थोडक्यात सांगते. हज आणि उमराला जाणाऱ्यांकडे सौदी अरेबिया मेंदूज्वराच्या (मेनिंगोकॉकल मेनिंजायटिसच्या) चार प्रकारांवरच्या लसीचं प्रमाणपत्र मागतं. ती पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली हवी, आणि लसीच्या प्रकाराप्रमाणे ती तीन किंवा पाच वर्षं चालते. कुठला प्रकार टोचला ते कार्डावर लिहून घ्या, नाहीतर तीन वर्षंच धरली जातील. पोलिओचा विषाणू फिरत असलेल्या देशांत राहणाऱ्यांना किंवा तिथे चार आठवड्यांहून जास्त राहिलेल्यांना निघताना पोलिओच्या डोसाची नोंद मागितली जाऊ शकते. तो डोस प्रवासाच्या चार आठवडे ते बारा महिने आधीचा हवा. कोविडच्या लसीचा पुरावा 2021 आणि 2022 मध्ये जवळपास सगळीकडे लागत होता, आता बहुतेक देशांनी ती अट काढली आहे. मोबाइलमधलं ते क्यूआर कोडचं प्रमाणपत्र दाखवून "माझं लसीकरण झालंय" असं म्हणणारे अजून येतात. यलो फीवरच्या जागी ते चालत नाही.

निघायच्या दिवशी कार्ड पासपोर्टला लावून हातातल्या पिशवीत ठेवा. सुटकेसमध्ये ठेवलं आणि सुटकेस पट्ट्यावरून आत गेली की ती परत मागवण्यात विमान सुटायची वेळ येते. कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून घरच्या कोणाला तरी पाठवून ठेवा. आमच्या काउंटरवर फोटो मूळ कार्डाच्या जागी चालत नसे, पण कार्ड हरवलं तर त्या फोटोतला बॅच क्रमांक आणि तारीख खरी उपयोगी पडते. जिथे लस घेतली त्याच केंद्रात ते घेऊन जा. त्यांच्या नोंदवहीत तुमची नोंद सापडली तर ते दुसरी प्रत देऊ शकतात. नोंद सापडली नाही तर पुन्हा लस घ्यावी लागू शकते, आणि मग दहा दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.