आई-बाबांना घेऊन न्यूर्नबर्गचा नाताळबाजार कसा बघावा

मी जर्मनीत एर्लांगेनला राहते. न्यूर्नबर्ग इथून ट्रेनने वीसेक मिनिटांवर. दर डिसेंबरमध्ये ऑफिसच्या लोकांबरोबर संध्याकाळी तिथे जायचं, गर्दीत उभ्याउभ्या गरम वाइन प्यायची आणि परत यायचं, एवढाच माझा रिवाज होता. आई-बाबा सावंतवाडीहून आले तेव्हा मात्र पूर्ण दिवस काढला, आणि पहिल्यांदा हा बाजार मी डोळे उघडे ठेवून बघितला. हल्ली ओळखीतले बरेच जण डिसेंबरात आईवडिलांना बोलावतात आणि मला विचारतात, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी दिवस ठरवा. क्रिस्टकिंडलेसमार्क्ट, म्हणजे हा नाताळबाजार, नाताळाआधीच्या चार रविवारांपैकी पहिल्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी सुरू होतो आणि 24 डिसेंबरला दुपारी 2 वाजता बंद होतो. रोज सकाळी 10 ते रात्री 9. सोमवार ते बुधवार यांतलाच एखादा दिवस धरा. शनिवारी संध्याकाळी तिथे मुंगीला शिरायला वाट नसते, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्या गर्दीत नेणं मला पटत नाही. बसायला बाक फार थोडे. घडीव दगडांच्या फरसबंदीतून गारठा बुटांच्या तळव्यापर्यंत येतो, म्हणून कोटापेक्षा जाड लोकरी मोजे आणि जाड तळव्याचे बूट यांवर पैसे घाला. सुटे पैसे जवळ ठेवा.

स्टेशनवरून सरळ क्योनिगश्ट्रासने चालत निघालात की लोरेन्झ चर्च लागतं, मग पेग्निट्झ नदीवरचा पूल, आणि समोर हाउप्टमार्क्ट, म्हणजे मुख्य चौक. रमतगमत पंधरा-वीस मिनिटं. चालणं जमत नसेल तर यू-1 मेट्रोने लोरेन्झ चर्चपर्यंत या.

अकराच्या सुमारास पोहोचा. दिव्यांसाठी संध्याकाळीच जायला हवं असं सगळे सांगतात, पण आधी उजेडात बघा. उजेडात कळतं की हा बाजार म्हणजे पालं आहेत. लाकडी चौकट, वर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड, सगळी एकसारखी, सुमारे 180. आई बघताक्षणी म्हणाली, "अगो, ही तर जत्राच!" आणि ते खरंच आहे. न्यूर्नबर्गचे लोक स्वतः याला लाकूड-कापडाचं गावच म्हणतात. प्लास्टिकच्या माळा लावायच्या नाहीत, ध्वनिमुद्रित गाणी वाजवायची नाहीत, असे नगरपालिकेचे नियम आहेत आणि ते पाळले जातात. ज्यांची सजावट उत्तम त्यांना दरवर्षी सोनेरी, रुपेरी आणि कांस्य बक्षीस मिळतं. पालांच्या छपरांकडेही बघत चला, सजावट तिथे असते.

बाराला दहा कमी असताना फ्राउएनकिर्श या चर्चसमोर उभे राहा. बारा वाजता दर्शनी भागावरचं घड्याळ चालू होतं: सम्राट चौथा कार्ल मध्ये बसलेला, आणि सात राजपुत्र त्याला प्रदक्षिणा घालतात. सम्राटाची निवड कोणी करायची हे ठरवणारा 1356 चा हुकूमनामा या खेळातून दाखवला आहे. घड्याळ 1506 ते 1509 च्या दरम्यान बसवलं. बाबांनी तीन प्रदक्षिणा मोजल्या.

इथे पाच मिनिटं थांबून आणखी एक गोष्ट आईवडिलांना सांगा. मी सांगितली, आणि सांगायला हवीच असं मला वाटतं. हा चौक मुळात ज्यूंची वस्ती होती. 1349 मध्ये, याच सम्राटाच्या संमतीने, ती उद्ध्वस्त केली, किमान 562 माणसं मारली, आणि त्यांच्या प्रार्थनास्थळाच्या जागी हे चर्च उभं राहिलं. पुढे हिटलरच्या काळात या चौकाला त्याचंच नाव दिलं होतं. 1898 मध्ये बाजार इथून हलवला होता; तो 1933 मध्ये थाटामाटात परत आणला तो नाझींनी, या शहराला ‘जर्मन’ परंपरेचं माहेरघर म्हणून मिरवण्यासाठी. युद्धात बाजार बंद पडला, 2 जानेवारी 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जुनं शहर जवळजवळ भुईसपाट झालं, आणि 1948 मध्ये, आजूबाजूला अजून ढिगारे असताना, पालं पुन्हा लागली. हे ऐकून बाबा बराच वेळ चर्चकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "आता चला, पण सावकाश."

बाजार मात्र नाझींच्या कितीतरी आधीचा, जुना. 1628 सालची एक रंगवलेली लाकडी डबी इथल्या गेर्मानिशेस नात्सिओनालमुझेउम या संग्रहालयात आहे. ती ‘किंडलेसमार्क्ट’हून एका बाईने दुसरीला पाठवली, असं तिच्या तळाशी लिहिलंय. बाजाराचा सगळ्यात जुना पुरावा तोच. 1737 च्या यादीत 140 जणांना इथे माल विकायचा हक्क होता आणि गावातल्या जवळजवळ सगळ्या कारागिरांची नावं त्यात होती. मुळात भेटी 6 डिसेंबरला, संत निकोलसच्या दिवशी मिळायच्या. धर्मसुधारक ल्यूथरला संतांची पूजा नको होती, म्हणून भेटी नाताळाला आणि आणणारं क्रिस्टकिंड, म्हणजे ख्रिस्तबाळ, अशी प्रथा पडली. न्यूर्नबर्ग 1525 मध्ये ल्यूथरच्या बाजूला गेलं. इथल्या मुलांना भेटी लाल कोटातला म्हातारा आणत नाही, हे नातवंडांना आधीच सांगून ठेवा.

आज क्रिस्टकिंड म्हणजे सोनेरी कुरळे केस, मुकुट आणि पांढरा-सोनेरी झगा घातलेली मुलगी. 1969 पासून दर दोन वर्षांनी तिची निवड होते: वय 16 ते 19, उंची निदान 160 सेंटिमीटर, न्यूर्नबर्गशी घट्ट नातं, आणि उंचीची भीती नको, कारण उद्घाटनाच्या संध्याकाळी साडेपाचला तिला चर्चच्या सज्जावर उभं राहून फ्रीडरिश ब्र्योगरने 1948 मध्ये लिहिलेलं काव्य म्हणायचं असतं. त्या वेळी सगळ्या पालांचे दिवे मालवतात. त्या संध्याकाळी वयस्कर माणसांना नेऊ नका. टीव्हीवर दाखवतात, घरी रजईत बसून बघा. काव्याचा शेवट असा की जो येईल त्याचं इथे स्वागत आहे.

2019 मध्ये बेनिग्ना मुन्सी क्रिस्टकिंड झाली. तिचे वडील भारतीय. आल्टरनाटिव्ह फ्युर डॉइचलँड या अतिउजव्या पक्षाच्या एका जिल्हा शाखेने समाजमाध्यमावर तिच्या दिसण्यावरून वाईट शेरा लिहिला. शहर तिच्यामागे उभं राहिलं, लोकांनी पाठिंब्याची पत्रं लिहिली, शेरा काढून टाकावा लागला. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. तिला खांद्यावर घेऊन मी सज्जासमोर उभी होते, आणि शेवटची ओळ ऐकताना मला रडू आवरलं नाही. आईला हे त्याच जागी उभं राहून सांगितलं.

घड्याळ झालं की खाणं. शाकाहारी माणसांची इथे उपासमार होत नाही, पण विचारावं लागतं. बटाट्याच्या किसाची तळलेली कार्टोफेलपुफर सफरचंदाच्या मुरंब्याबरोबर देतात, पिठात अंडं असू शकतं, म्हणून "मिट आय?" (अंडं घालून का?) एवढं विचारा. भाजलेले चेस्टनट आणि साखरेत घोळवलेले बदाम निर्धास्त खा. मांसाहारी असाल तर बीचच्या लाकडावर भाजलेल्या बोटाएवढ्या डुकराच्या सॉसेजेस, एका पावात तीन. मागायचं "द्राय इम वेक्ला". नाव आणि आकार दोन्ही कायद्याने बांधलेले: 7 ते 9 सेंटिमीटर. बाबांनी दोनदा घेतल्या. गरम वाइन नको असेल तर किंडरपुन्श मागा, तो बिनदारूचा. कपाची अनामत घेतात, कप परत केला की पैसे परत.

लेबकुखन, म्हणजे मसाले घातलेले गोड केक, घ्यायचेच. डब्यावर ‘एलिझेन’ शब्द शोधा: त्यात निदान पाव हिस्सा बदाम, हेझलनट किंवा अक्रोड असावे लागतात आणि पीठ दहा टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. ‘न्यूर्नबर्गर’ लिहिलेलं असेल तर ते शहराच्या हद्दीतच भाजलेले. अंडं सहसा असतंच, ते न खाणाऱ्यांसाठी घेऊ नका. भारतात न्यायचे तर चॉकलेट न लावलेले घ्या, वाटेत वितळत नाहीत. आईने डबा उघडून वास घेतला आणि म्हणाली, "जायपत्री!" आमच्या परसात जायफळ आहे, तिला कोणी सांगावं लागत नाही. दालचिनी, लवंग, वेलची, धणे, आलं, सगळं तिने एकेक करून ओळखलं. हे मसाले इथवर कसे आले, हेही याच शहरात बघायला मिळतं: मार्टिन बेहाइमचा 1492 चा पृथ्वीगोल त्या लाकडी डबीच्याच संग्रहालयात आहे, आणि पूर्वेकडचा मसाला किती हातांतून फिरत इथे पोहोचतो याचं वर्णन त्यावर लिहिलंय. चौकापासून दहा मिनिटांवर चित्रकार ड्यूररचं घर आहे. त्याने न बघता काढलेला प्रसिद्ध गेंडा 1515 मध्ये गोव्याहूनच जहाजाने लिस्बनला गेला होता. बाबांना हे एवढं आवडलं की ते आता सगळ्यांना सांगतात.

दुपारी दोन ते साडेतीन कुठेतरी उबेत बसवा. सव्वाचारला सूर्य मावळलेला असतो. तेव्हा पुन्हा चौकात या, दिवे बघा, खरेदी करा, आणि साडेपाचच्या आत निघा.

खरेदीत एकच वस्तू घ्यायची असेल तर त्स्वेचगेनमेन्ला घ्या. सुकवलेल्या आलुबुखाराचा माणूस: तारेत ओवलेले हातपाय, डोकं अक्रोडाचं, त्यावर रंगवलेला चेहरा, आणि अंगात खरे शिवलेले कपडे. शेतकरी, धुराडं साफ करणारा, नवरा-नवरी, शेकडो प्रकार. हा घरात असला की पैसा आणि सुख कमी पडत नाही, अशी इथली म्हण आहे. आमचं घर सावंतवाडीत चितारआळीजवळ. आजोबा पांगाऱ्याच्या लाकडाची फळं रंगवायचे, आणि आईने लग्नानंतर वीस वर्षं त्यांच्या हाताखाली रंग लावला. तिने एकेक माणूस उचलून भुवई बघितली, गालाचा रंग बघितला, शिलाई उलटून बघितली. विकणाऱ्या आजीबाईंच्या ते लक्षात आलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आईने बोटाने ब्रश धरल्यासारखं करून दाखवलं, आजीबाईंनी मागच्या बाजूचा एक माणूस काढून तिच्या हातात दिला. टोपली घेतलेली म्हातारी. तीच घेतली.

नेताना लोकरी मोज्यात गुंडाळून हातसामानात ठेवा, तारा वाकत नाहीत. कोकणात पावसाळ्यात सुकं फळ टिकत नाही, मुंग्याही येतात. आईने काचेच्या बरणीत तळाला तांदूळ घालून त्यावर म्हातारीला उभं केलंय, आणि जूनमध्ये तांदूळ बदलते.