जुन्या नकाशावरून चौदा फुटी प्लायवुड मोटरबोट घरी कशी बांधायची

पाण्यात थर न सुटणारं प्लायवुड १९३४ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात तयार झालं आणि घरच्या गॅरेजात बोट बांधणं सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं. पॉप्युलर मेकॅनिक्स, सायन्स अँड मेकॅनिक्स अशी मासिकं प्लायवुडच्या बोटींचे नकाशे छापू लागली. ख्रिस-क्राफ्टने १९५० मध्ये जोडणीचे संच विकायला काढले, तर १९५३ मध्ये ग्लेन विट यांनी कॅलिफोर्नियात ग्लेन-एल ही नकाशे विकणारी कंपनी सुरू केली. त्या काळातल्या १२ ते १५ फुटी, मागे आउटबोर्ड इंजिन लावायच्या बोटी आजही त्याच नकाशांवरून बांधता येतात आणि दिसतातही देखण्या.

त्यासाठी एक गोष्ट पक्की ठरवावी. तळाचा आकार नकाशात आहे तसाच ठेवायचा. गोंद, स्क्रू, ट्रान्सम (बोटीची मागची उभी फळी, जिच्यावर इंजिन बसतं) आणि इंजिनाचं वजन या चार बाबतींत मात्र नकाशा सत्तर वर्षं जुना आहे हे धरून चालायचं. अपयश बहुधा याच्या उलट केल्यामुळे येतं: माणसं आकारात आपल्या मनाने फेरफार करतात आणि गोंद मात्र जुन्या यादीतला शोधत बसतात.

आधी नकाशा

जुन्या नकाशात मापांचा तक्ता असतो. त्यात २-३-५ लिहिलं असेल तर ते २ फूट ३ इंच आणि ५/८ इंच, म्हणजे ७०१.७ मिमी. आकड्यापुढे अधिकचं चिन्ह असेल तर आणखी १/१६ इंच धरायचा. सगळा तक्ता एकदाच मिलिमीटरमध्ये करून घ्या आणि त्यानंतर इंचाची टेप हातात घेऊ नका.

मापं प्लायच्या बाहेरच्या बाजूपर्यंत आहेत की फ्रेमपर्यंत, म्हणजे आतल्या आडव्या सांगाड्यापर्यंत, हे नकाशाच्या टिपांमध्ये सापडतं. बाहेरपर्यंत असतील तर प्लायची जाडी वजा करावी लागते, तीही त्या पृष्ठभागाला काटकोनात. आडव्या मापातून नुसते ६ मिमी कमी केले की तिरक्या बाजूंवर चूक राहते. पूर्ण आकाराचे छापील नमुने असतील तर त्यांवरची मोजपट्टी लांबी आणि रुंदी अशा दोन्ही दिशांनी तपासा. झेरॉक्समध्ये एक दिशा अनेकदा ताणली जाते.

मग पांढरा रंग लावलेल्या प्लायवर पूर्ण आकारात रेषा काढा. बिंदूंवर खिळे मारून सरळ रेषांच्या सागवानाची १२ × १८ मिमीची लांब पट्टी त्यांना टेकवा. एखादाच बिंदू पट्टीला बसत नसेल तर ती बहुधा छपाईची चूक असते. अशा वेळी तक्ता सोडून पट्टीवर विश्वास ठेवा. इथे घालवलेले दोन दिवस पुढे दोन महिन्यांचं रंधाकाम वाचवतात.

सामान

चौदा फुटी बोटीला ६ मिमी प्लायच्या ८ × ४ फुटी आठ शीट लागतात: बाजूंना दोन, तळाला चार, डेकला दोन. त्याशिवाय ट्रान्समसाठी १८ मिमीची एक आणि फ्रेमच्या कोपऱ्यांवरच्या तुकड्यांसाठी १२ मिमीची एक. लाकूड वाया जाणारं धरून साधारण ४ घनफूट. इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळून होणारा गोंद) १८ ते २० किलो, २०० ग्रॅमचं विणलेलं काचकापड १५ मीटर आणि स्क्रू सात-आठशे.

आयएस ७१० या भारतीय मानकाच्या शिक्क्याचं मरीन प्लाय घ्या, पण नुसत्या शिक्क्यावर समाधान मानू नका. एक पट्टी कापून कडेकडून पाहा. आतल्या थरांत फटी दिसल्या तर ती शीट तळाला वापरायची नाही, कारण वाकवताना ती नेमकी त्या फटीवर मोडते. एक तुकडा सहा-आठ तास उकळा, उन्हात वाळवा, पुन्हा उकळा. थर सुटला तर माल परत.

आपल्याकडचं गर्जनचं प्लाय जड असतं. ६ मिमीची शीट १२ किलोच्या आसपास भरते, तर ओकुमे या हलक्या आफ्रिकी लाकडाची साधारण ८. आठ शीटमध्ये ३० किलोंचा फरक पडतो, म्हणजे एक लहान प्रवासी कायमचा बोटीत बसल्यासारखं. परवडत असेल तर निदान डेकसाठी ओकुमे मिळवा, कारण वर असलेलं वजन बोटीला अधिक डोलवतं.

नकाशात महोगनी, व्हाइट ओक, स्प्रूस लिहिलेलं असतं. फ्रेम आणि कण्यासाठी (तळाच्या मधोमध जाणारं लांब लाकूड) सागवान उत्तम. ते तेलकट असतं, म्हणून चिकटवण्याच्या आधी तिथल्या तिथे ताजा पॉलिशपेपर मारून अ‍ॅसिटोनच्या फडक्याने पुसायचं. आदल्या दिवशी पुसून ठेवलेलं सागवान गोंद धरत नाही, तेल पुन्हा वर येतं.

जुन्या यादीतले रेसॉर्सिनॉल किंवा युरियाचे गोंद जोड अगदी घट्ट बसला तरच धरतात. इपॉक्सी फट भरून काढते, म्हणून घरच्या कामाला तीच योग्य. फर्निचरचा पांढरा गोंद, डब्यावर वॉटरप्रूफ लिहिलेला असला तरी, तळाला नको. सततच्या ताणाखाली तो हळूहळू सरकतो. पितळी स्क्रूमधलं जस्त खाऱ्या पाण्यात निघून जातं आणि उरतो तो ठिसूळ तांबूस तुकडा. सिलिकॉन ब्राँझ मिळालं तर सोनं, नाहीतर ३१६ ग्रेडचं स्टेनलेस.

फ्रेम आणि मांडणी

बोट उलटी बांधायची. १५० × ५० मिमीचे दोन लांब वासे लेव्हलच्या नळीने समतल करून जमिनीला पक्के करा. प्रत्येक फ्रेमवर मधली रेषा कोरून ठेवा, वाशांच्या वरून मधोमध तार ताणा आणि ओळंब्याने फ्रेम एकेक करून उभ्या करा. नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या निमुळत्या भागाच्या, टोकापासून प्रत्येक फ्रेमच्या डाव्या आणि उजव्या कोपऱ्यापर्यंत टेप धरा. दोन्ही मापांत २ मिमीहून जास्त फरक असेल तर पुढे जाऊ नका. इथे तिरकी राहिलेली बोट पाण्यात कायम एका बाजूला ओढत राहते.

मग कणा, नाळेचं लाकूड आणि चाइन, म्हणजे बाजू आणि तळ जिथे मिळतात ती लांब पट्टी. २० मिमी जाडीची अखंड चाइन नाळेजवळच्या पिळात मोडते. १० मिमीच्या दोन पट्ट्या एकावर एक चिकटवून बसवा. डावी आणि उजवी बाजू एकदमच वाकवत न्या, नाहीतर एका बाजूचा ताण फ्रेमना जागेवरून हलवतो.

यानंतर रंधा. फ्रेमच्या कडांना असा उतार द्यायचा की प्लाय सगळीकडे सपाट टेकेल. पातळ पट्टी तीन-चार फ्रेमवर आडवी ठेवून, खालून उजेड कुठे दिसतो ते पाहत थोडं थोडं तासा.

शीट जोडणं

आठ फुटी शीटमधून चौदा फुटी फळी करायला तिरका जोड लागतो. उताराची लांबी जाडीच्या आठपट, म्हणजे ६ मिमीला ४८ मिमी. चार शीट एकावर एक, प्रत्येक ४८ मिमी मागे सरकवून, पायऱ्यांसारख्या ठेवा आणि सगळ्यांवर एकदमच रंधा चालवा. प्लायच्या थरांमधला गोंद इथे मार्गदर्शक होतो. उतार बरोबर असेल तर गडद-फिकट पट्टे सरळ आणि समांतर दिसतात. पट्टा जिथे वळतो तिथे उंचवटा किंवा खळगा आहे. चिकटवताना आधी पातळ इपॉक्सी दोन्ही तोंडांना पाजा, दहा मिनिटांनी घट्ट केलेली लावा. कोरडं टोक सगळी इपॉक्सी शोषून घेतं आणि जोड उपाशी राहतो. दाबताना क्लॅम्प बेताने आवळा.

घट्ट करायला बारीक सागाचा भुसा आणि सिलिका मिसळा. चिकटवण्याचं मिश्रण श्रीखंडासारखं हवं, उलथन्यावरून ओघळता कामा नये. रेझिन आणि हार्डनर नेहमी काट्यावर, वजनाने मोजा. एप्रिल-मेच्या उन्हात मोठा पेला भरून मिश्रण केलं तर ते हातातच तापून धूर सोडतं. १५० ग्रॅमच्या वर करू नका आणि केलेलं लगेच उथळ ताटलीत ओता. पावसाळ्यातल्या दमट हवेत इपॉक्सीवर चिकट मेणचट थर येतो. तो आधी पाण्याने घासून धुवायचा, मगच पॉलिशपेपर. उलट क्रम केला की तो थर घासून आत जातो आणि रंगाला फोड येतात. कोकणात कुणी बांधत असेल तर पावसाळ्यात नकाशा आणि फ्रेम, दिवाळीनंतर चिकटवणं आणि रंग, असा क्रम सोयीचा पडतो.

बाजू आणि तळ

आधी बाजू, मग तळ. तळाची फळी बहुतेक लांबीभर बाजूच्या कडेवर येते. नाळेपासून दोन-तीन फुटांवर मात्र दोन्ही फळ्यांतला कोन इतका पसरतो की तसा जोड केला तर कड कागदासारखी पातळ होते. तिथून पुढे दोन्ही कडा समोरासमोर टेकवायच्या. हा बदल कुठे करायचा ते चाइनवर आधीच आखून घ्या. नवखे लोक इथेच अडकतात.

नाळेजवळ तळाची फळी वाकत नसेल तर जोर लावू नका. गरम पाण्यात बुडवलेले टॉवेल अर्धा तास टाकून ठेवा, पट्ट्याने हळूहळू आवळा, रात्रभर राहू द्या आणि दोन-तीन दिवस पूर्ण वाळल्यावरच चिकटवा.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग: तळाचे मागचे चार-पाच फूट. लांबीच्या दिशेने तिथे सरळपट्टी ठेवली तर ती सगळीकडे टेकली पाहिजे. खळगा असेल तर वेगात नाक दाबलं जातं, फुगवटा असेल तर बोट डॉल्फिनसारख्या उड्या मारते. ३ मिमीचा फरकही २५ मैलांच्या वेगाला जाणवतो. तसंच मागच्या अर्ध्या भागात चाइनची आणि ट्रान्समखालची कड धारदार ठेवा. काचकापड नीट बसावं म्हणून ती गोल करावीच लागते, पण कापड सुकल्यावर घट्ट इपॉक्सीने पुन्हा काटकोनी धार काढा. गोल कडेला पाणी चिकटून वर चढतं आणि वेग खातं.

काचकापड विणलेलंच घ्या. दुकानदार स्वस्त, न विणलेली मॅट पुढे करतो. तिचे धागे बांधणारी पूड पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरिनने विरघळते, इपॉक्सीत नाही, त्यामुळे ती कोपऱ्यांवर बसत नाही. आणि लाकडावर पॉलिएस्टर लावायचंच नाही. काही वर्षांत सोललं जातं.

ट्रान्सम आणि इंजिन

जुन्या काळचं २५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन ४० किलोंच्या आसपास होतं. आजचं तेवढ्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक त्याच्या दीडपट तरी भरतं. शिवाय तेव्हा ताकद क्रँकशाफ्टवर मोजत, आज प्रोपेलरच्या दांड्यावर मोजतात, म्हणजे आजचे २५ थोडे जास्तच. नकाशात कमाल २५ लिहिलं असेल तर २० चं घ्या. ट्रान्समला १८ मिमीचे दोन थर चिकटवा आणि कण्याला जोडणारा आधार नकाशापेक्षा एक फ्रेम पुढे न्या. उंची तपासा: आखूड दांड्याच्या इंजिनाला १५ इंच, लांबला २०. जुने नकाशे बहुतेक १५ चे.

इंजिनाच्या बोल्टसाठी भोक मोठं पाडा, इपॉक्सीने भरा आणि सुकल्यावर त्याच्या मधोमध बोल्टच्या मापाचं पाडा. जुन्या प्लायवुड बोटी कुजायला सुरुवात होते ती बहुधा इथून आणि तळाच्या निचऱ्याच्या भोकातून. तिथेही हीच पद्धत.

दोरी-कप्पीचं स्टिअरिंग नकाशात सुंदर दिसतं, पण दोरी ढिली पडली की वेगात ताबा जातो. केबलचं बसवा. इंजिन बंद करणारी, चालकाच्या मनगटाला बांधायची दोरी हवीच. तरंगण्यासाठी फोमची सोय जुन्या नकाशात नसते. ती बाजूच्या डेकखाली उंचावर भरा. फक्त पायाखालच्या फळीखाली भरली तर पाणी शिरल्यावर बोट उलटी तरंगते. थर्माकोल पेट्रोलने विरघळतो, बंद पेशींचा पीयू फोम घ्या.

बांधायला घेण्याआधीच जिथे चालवायची तिथल्या परवानगीची चौकशी करा. देशांतर्गत पाण्यावरच्या यांत्रिक बोटींना अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ लागू होतो आणि धरणाच्या पाण्यावर जलसंपदा विभागाची परवानगी लागते.

डेकच्या वार्निशला निदान सहा हात द्या आणि त्यात अतिनील किरण अडवणारं द्रव्य असल्याची खात्री करा. उघडी इपॉक्सी उन्हात पिवळी पडून भुकटी सोडते.

पहिल्या चाचणीत प्रोपेलरच्या वरची आडवी पट्टी तळाशी समपातळीत किंवा फार तर २५ मिमी खाली ठेवा. बोट उड्या मारू लागली तर इंजिनाच्या तिरकेपणाची पिन एक भोक आत घ्या. तरीही थांबत नसेल तर इंधनाची टाकी आणि बॅटरी पुढे सरकवा. एवढं करूनही उड्या राहिल्या तर बोट बाहेर काढून तळाला पुन्हा सरळपट्टी लावा.