टीसीपीतला 'अर्जंट' बाइट: सॉकेट प्रोग्रॅमिंग नव्याने शिकणाऱ्यांसाठी

फ्रेशर्सच्या मुलाखती घेताना मी एक प्रश्न हमखास विचारतो: टीसीपीवर आउट-ऑफ-बँड, म्हणजे 'अर्जंट' म्हणून खूण केलेला डेटा पाठवला तर तो कुठून जातो? बहुतेक जण सांगतात, 'वेगळ्या चॅनलमधून.' नावच तसं आहे, त्यामुळे मुलांना दोष देत नाही. पण टीसीपीत वेगळा चॅनल नाहीच. तो बाइट त्याच प्रवाहात, आपल्या क्रमानेच जातो. हेडरमध्ये फक्त यूआरजी फ्लॅग लागतो आणि 16 बिटांचा अर्जंट पॉइंटर त्याची जागा सांगतो. रांगेतल्या माणसाला कोणी पुढे घेत नाही. 'मागे अमुक ठिकाणी तातडीचं काम असलेला माणूस उभा आहे' एवढा निरोप खिडकीवर जातो.

या निरोपालाही किंमत आहे. समोरच्याची रिसीव्ह विंडो (आणखी किती डेटा घेता येईल ती जागा) शून्य झाली, डेटा तुंबला, तरी अर्जंट सूचना पोचू शकते. दूरच्या मशीनवर कमांड चालवायच्या टेलनेटला नेमकं हेच हवं होतं. पलीकडचा प्रोग्रॅम अडकलाय, इनपुट वाचत नाही, अशा वेळी तो थांबवायची कमांड तुंबलेल्या डेटाच्या मागेच पडून राहणार. म्हणून 1983 च्या आरएफसी 854 मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम सांगणारे क्रमांकित दस्तऐवज) 'सिंक'ची सोय आहे: अर्जंट सूचना मिळाली की 'डेटा मार्क' ही खुणेची कमांड येईपर्यंतचा साधा डेटा टाकून द्यायचा, कमांड तेवढ्या पाळायच्या.

वाचून हे डोक्यात बसत नाही, करून बघा. लिनक्सवर पायथनमध्ये दोन छोट्या स्क्रिप्ट पुरतात. पाठवणाऱ्याने आधी '123' साधं पाठवायचं, मग 'abc' एमएसजी_ओओबी फ्लॅग लावून, मग '45' पुन्हा साधं. घेणाऱ्याने दोन-तीन सेकंद थांबून शंभर बाइट मागायचे. हातात येतं '123ab'. तीन अक्षरं अर्जंट म्हणून पाठवली, पण अर्जंट ठरलं फक्त शेवटचं 'c'. शिवाय पुढे '45' येऊन पडलेलं असूनही वाचन त्या खुणेपाशी थांबलं. आता एमएसजी_ओओबी लावून एक बाइट मागितला की 'c' मिळतो. तो न मागता साधं वाचन पुढे रेटलंत तर '45' मिळेल, 'c' मात्र कायमचा गेला. नंतर मागाल तर 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' एवढंच उत्तर. एसओ_ओओबीइनलाइन ऑप्शन लावून तोच प्रयोग पुन्हा करा. मग 'c' साध्या डेटातच येतो, आणि खूण कुठे आहे ते सॉकॅटमार्क फंक्शनला विचारावं लागतं. अर्जंट बाइट आल्याची सूचना हवी असेल तर सिलेक्ट फंक्शनमध्ये एक्सेप्शनचा सेट, पोलमध्ये पोलप्राय, नाहीतर सिगअर्ज सिग्नल. सिग्नलसाठी आधी सॉकेटचा मालक, म्हणजे सिग्नल कोणत्या प्रोसेसला जायचा ते, ठरवावा लागतो, हे विसरून लोक तासन्तास डोकं आपटतात.

नव्या कामात हे वापरायचं का? माझं मत स्पष्ट आहे: नाही. मुळात पॉइंटर शेवटच्या अर्जंट बाइटवर असतो की त्याच्या पुढच्या, यावरच घोळ. 1981 च्या आरएफसी 793 मध्ये दोन्ही अर्थ निघत. 1989 च्या आरएफसी 1122 ने एक ठरवला, पण प्रत्यक्षातल्या बहुतेक सिस्टिम दुसराच पाळत राहिल्या. 2011 मध्ये आरएफसी 6093 ने चालू पद्धतच मान्य केली आणि नव्या अॅप्लिकेशन्सनी ही सोय वापरू नये असंही सांगितलं. त्यात काही फायरवॉल वाटेतच यूआरजी फ्लॅग पुसून टाकतात, म्हणजे 'c' साध्या डेटात मिसळलेला निघतो. तातडीचे निरोप द्यायचेच असतील तर एफटीपीसारखं कंट्रोलसाठी स्वतंत्र कनेक्शन ठेवा. ते नको असेल तर प्रत्येक मेसेजला प्रकार आणि लांबी लावा आणि घेणाऱ्या बाजूने सॉकेट तुंबू न देता सतत वाचत राहा.

बाकी, गो भाषेतला प्रोग्रॅम एसट्रेस (strace, प्रोग्रॅमचे सिस्टिम कॉल आणि सिग्नल दाखवणारं साधन) लावून चालवलात आणि सिगअर्जचा पाऊस दिसला, तर नेटवर्कमध्ये शोधत बसू नका. सहसा कोणी वापरत नाही म्हणूनच 1.14 आवृत्तीपासून गोच्या रनटाइमने गोरूटीन (गोमधली एकाच वेळी चालणारी हलकी कामं) मध्येच थांबवायला हा सिग्नल उचललाय.