भुकेली अळी आणि कुंडीतला कढीपत्ता

एरिक कार्ल यांचं १९६९ सालचं 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' हे खादाड अळीचं, पानांना भोकं पाडलेलं चित्रपुस्तक घरात असेल तर लगेच वाचून दाखवू नका. मुलांच्या हातात द्या आणि गप्प बसा. पानातल्या भोकात बोट जाणारच. मग विचारा, सफरचंदाचं पान एवढंसं आणि संत्र्यांचं इतकं रुंद का? मी तीस वर्षं गणित शिकवलं, पण पानांची ही पायरी मला दाखवली ती शेजारच्या साडेचार वर्षांच्या पोरीनं.

पुस्तकातली अळी सोमवारी १ सफरचंद खाते, मग २ पेअर, ३ प्लम, ४ स्ट्रॉबेऱ्या, शुक्रवारी ५ संत्री. तीच पायरी चिंचोक्यांनी फरशीवर मांडा. बेरीज सांगू नका. दुसऱ्या मुलाला तशीच पायरी करून पहिलीला उलटी जोडायला लावा. प्रत्येक ओळीत ६, अशा ५ ओळींचा आयत होतो. ३० चे निम्मे १५. लहानांना नुसतं मोजू दे. चौथीतलं एखादं "१० पायऱ्या असत्या तर?" असं विचारतं. नाही विचारलं तर तुम्ही विचारा.

कार्ल पातळ कागद रंगवून, कापून चिकटवायचे. आपल्याला उडवायच्या पतंगाचा कागद पुरतो. पिवळ्यावर निळा धरून खिडकीशी नेला की हिरवा दिसतो. मुलांबरोबर असं पुस्तक करताना आधी पंचिंग मशिननं भोक पाडा, मग त्याभोवती फळ काढा. उलटं केलंत तर भोक नेमकं देठावर येतं.

आता कुंडीकडे. कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या कोवळ्या पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं तर पुसू नका, ती फुलपाखराची अळी असू शकते. मोठी झाली की हिरवी होते आणि डिवचलं तर डोक्यामागून दोन टोकांचं शिंग काढून उग्र वास सोडते. (केसाळ सुरवंटाला मात्र हात लावू देऊ नका, खाजून जीव जातो.) डहाळी पाण्याच्या बाटलीत खोचून तोंडाशी कापूस कोंबा, नाहीतर अळी बुडते. हे सगळं मोठ्या बरणीत ठेवून वर मलमलचं फडकं बांधा. बाजारातली जुडी नको. मी एकदा धुऊन घातली तरी दोन्ही अळ्या मेल्या, फवारणीचीच असणार.

रोज पानाची कड ग्राफ पेपरवर गिरवा आणि किती चौकोन फस्त झाले ते मोजा. सुरुवातीला चौकोनही भरत नाही, शेवटी पानंच्या पानं जातात. पुस्तकातली अळी शनिवारी केक खाते, म्हणून आमच्या बालमंडळींनी केकचा तुकडा ठेवून पाहिला. तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

खरी गंमत कोशाची. पुस्तकातली अळी स्वतःभोवती घर बांधते आणि इंग्रजीत त्याला 'ककून' म्हटलंय. पण तसं रेशमी घर विणतात ते पतंग, म्हणजे फुलपाखरांचे भाऊबंद कीटक. आपली अळी काडीला टेकून कमरेभोवती एक धागा घेते, खांबावरच्या वायरमनच्या पट्ट्यासारखा, आणि कातडी टाकते. आत कोश तयारच असतो. मराठीत दोन्हींना कोशच म्हणतात, त्यामुळे नुसतं वाचून ही चूक आम्हाला कळलीच नसती. आता आमच्या प्रतीत त्या पानावर पतंगाच्या कागदाचा हिरवा कोश चिकटवलाय, कमरेच्या दोऱ्यासकट.