एम.एड.च्या आराखड्यातल्या परिकल्पना: दोन गट आहेत ना, मग तुलना दोघांचीच करा

ग्रंथालयातला जुना प्रबंध काढायचा, विषय बदलायचा आणि परिकल्पना (संशोधनात तपासायची विधानं) आपल्या संशोधन आराखड्यात तशाच उतरवायच्या, हे करू नका. त्यातली चूकही सोबत उतरते.

समजा, नाशिकच्या एका शाळेत नववीच्या ‘गतीचे नियम’ या पाठासाठी कृतियुक्त अध्यापन, म्हणजे मुलांकडून कृती करवून शिकवणं, तपासायचंय. प्रायोगिक गटात (नवी पद्धत) ४० मुलं, नियंत्रित गटात (नेहमीची पद्धत) ४०. पूर्व चाचणी शिकवण्याआधी, उत्तर चाचणी नंतर. नवखे संशोधक लिहितात, ‘प्रायोगिक गटाच्या पूर्व व उत्तर चाचणीच्या मध्यमानांत सार्थक फरक नाही.’ मग तेच वाक्य नियंत्रित गटासाठी. (मध्यमान म्हणजे सरासरी, सार्थक म्हणजे निव्वळ योगायोगाचा म्हणता येणार नाही असा; ‘फरक नाही’ असं सांगणारी ती शून्य परिकल्पना.) सापळा इथेच आहे.

आकड्यांत बघा. प्रायोगिक गटाचे गुण सरासरी ३ ने वाढले, नियंत्रित गटाचे २ ने, दोन्ही वाढींची प्रमाण त्रुटी (सरासरीतली अनिश्चितता) १.२. वाढीला प्रमाण त्रुटीने भागलं की टी मूल्य; ती आली २.५० आणि १.६७. स्वाधीनता मात्रा (इथे मुलांची संख्या वजा एक) ३९ असताना ०.०५ स्तरावर सार्थक ठरायला किमान २.०२ लागतं. पहिल्या शून्य परिकल्पनेचा त्याग, दुसरीचा नाही, आणि लगेच निष्कर्ष: पद्धत परिणामकारक! पण दोन वाढींमधला फरक फक्त १ आहे. त्याची प्रमाण त्रुटी १.७०, टी मूल्य ०.५९, आणि लागतं १.९९. पद्धतीच्या बाजूने पुरावाच नाही. एवढ्या दिवसांत मुलं क्लासलाही जातात, गुण दोन्हीकडे वाढतातच.

म्हणून लिहा: ‘प्रायोगिक व नियंत्रित गटांच्या गुणवाढीच्या मध्यमानांत सार्थक फरक नाही.’ हे एक वाक्य आधीच्या दोन्हींपेक्षा मोलाचं.

गटही सारखे हवेत. प्रायोगिक गट सुरगाण्याच्या आदिवासी भागातल्या आश्रमशाळेत आणि नियंत्रित गट नाशिक शहरातल्या कॉलेज रोडवरच्या शाळेत असेल, तर कोणतीही परिकल्पना तुम्हाला वाचवणार नाही.

परिकल्पनेची दिशा उत्तर चाचणीआधी ठरवा: फरक एकाच बाजूने तपासायचा (एकपुच्छ) की दोन्ही बाजूंनी (द्विपुच्छ). टी १.८ आलं तर एकपुच्छ चाचणीत (१.६६) सार्थक, द्विपुच्छ चाचणीत (१.९९) नाही, आकडा पाहून दिशा निवडणं ही सरळ लबाडी आहे.

शून्य परिकल्पनेचा त्याग झाला नाही तर घाबरू नका, प्रबंध त्यामुळे पडत नाही. फक्त ‘दोन्ही पद्धती सारख्याच’ असं लिहू नका. फरकाचा पुरावा मिळाला नाही, एवढंच म्हणा. मार्गदर्शक नुसतं शुद्धलेखन तपासत असतील तर आराखडा संख्याशास्त्राच्या शिक्षकांना जरूर दाखवा, त्यात मार्गदर्शकांचा अपमान नाही.

देण्याआधी प्रत्येक परिकल्पनेपुढे चल (बदलणारा घटक, जसं अध्यापन पद्धत किंवा गुण), मापनाचं साधन आणि संख्याशास्त्रीय चाचणी लिहा. जिच्यापुढे जागा रिकामी राहील ती काढून टाका. दोनच उरल्या तरी चालतील.