डोंगरावरच्या हॉवरफ्लायची पाहणी कशी करावी

हॉवरफ्लाय म्हणजे मधमाशी किंवा गांधीलमाशीसारखी दिसणारी माशी. पंख दोनच, मिशा आखूड, डोळे मोठे. भिंगाखाली पंखाच्या मध्यावर खोटी शीर, म्हणजे शिरेसारखी दिसणारी घडी, दिसली की शंका मिटली. जाळी, बाटल्या, परवानगी तुमच्याकडे आहेत असं धरते.

दर 300 मीटर उंचीला एक टप्पा पाडा. टप्प्यात तीन जागा: जंगलाची कड, मोकळं गवत, ओढ्याचा काठ. तिथे माश्या पकडायला पिवळ्या, पांढऱ्या, निळ्या वाट्यांत साबणाचं पाणी दिवसभर ठेवा.

आता खरा घोळ. ‘सगळे टप्पे एकाच दिवशी करा, म्हणजे तुलना नीट होते’ हा सल्ला कृपा करून ऐकू नका. त्यापायी माझा पहिला हंगाम वाया गेला. सकाळी पायथ्यापासून सुरुवात केली, दुपारी माथा गाठला, तोवर ढग उतरले होते. वर माश्या कमी मिळाल्या आणि मी वहीत लिहिलं, ‘उंचीबरोबर विविधता घटते.’ प्रत्यक्षात मी ऊन मोजलं होतं.

कवडशात एका जागी लटकलेला नर ढगाची सावली पडताच दिसेनासा होतो. पानाआड बसलेली माशी जाळीत येत नाही. म्हणून प्रत्येक जागी 30 मिनिटं द्या, तीही उन्हाचीच. ढग आला, घड्याळ थांबवा. जाळीतून माशी बाटलीत घेण्याचा वेळही धरू नका. पुढच्या फेरीला वरून खाली या.

तारखेलाही चिकटून राहू नका. 1000 मीटर चढलं की हवा साधारण 6.5 अंशांनी थंड होते. खाली फुलं सुकत असतात तेव्हा वर कळ्याच असतात. प्रत्येक टप्पा त्याच्या बहराच्या सुरुवातीला, भरात आणि शेवटाला पाहा. तीनपेक्षा कमी फेऱ्यांवर मी तरी निष्कर्ष काढणार नाही.

माथ्याचे आकडे वेगळे मांडा. काही प्रजातींचे नर मादीच्या शोधात शिखरावर जमतात; ते तिथेच वाढलेले असतात असं नाही.

ओळख नुसत्या फोटोवर सोडू नका. नमुना वाळण्याआधी नराचं जननांग सुईने बाहेर काढून ठेवा. स्फेरोफोरिया या हॉवरफ्लायच्या गटातल्या बहुतेक माश्यांत त्यावाचून प्रजाती ठरत नाही. चिठ्ठीवर जागा, उंची, तारीख, फूल आणि उन्हाची मिनिटं लिहा. एकही माशी न मिळालेल्या अर्ध्या तासाचीही नोंद करा.